दत्तात्रयची पाच स्पेलिंगं

आप्पांचं नाव दत्तात्रय. मराठीत ते लिहायला अडचण नाही, फार तर एखादा शुद्धलेखनवाला 'दत्तात्रेय' करील. इंग्रजीत मात्र या नावाला ताळतंत्र नाही. मधे डबल टी की एकच टी, 'त्र'च्या पुढे ए की ई, शेवटी नुसता वाय की वायनंतर आणखी एक ए. आप्पांना याचं सोयरसुतक नव्हतं. समोरचा कारकून लिहील ते आपलं नाव, अशा हिशेबाने त्यांनी आयुष्य काढलं. ते गेल्यावर त्यांचे सरकारकडे जमा झालेले पैसे सोडवायला आम्हाला पावणेदोन वर्षं लागली. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ ही पाचही स्पेलिंगं एकाच माणसाची आहेत, हे पटवण्यात गेला.

आप्पा २०१९ साली गेले. साखर कारखान्यात हिशेब विभागात होते, आधी कराडकडे, मग सांगलीला. २०२३च्या दिवाळीआधी माळा आवरताना त्यांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. वर जुन्या डायऱ्या, पगाराच्या स्लिपा. तळाशी डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारी प्लास्टिकची पिशवी. तिच्यात एका कंपनीची दोन शेअर सर्टिफिकेटं, एकूण पन्नास शेअर, साल १९८६. कराडच्या एका बँकेचं पासबुक. आणि रबरबँड वितळून चिकटलेला, कधीच न भरलेल्या डिव्हिडंड वॉरंटांचा, म्हणजे कंपनीने लाभांशापोटी पाठवलेल्या चेकसारख्या कागदांचा गठ्ठा. पहिलं वॉरंट आलं तेव्हा आई घाबरली होती म्हणे. पोस्टमनने दारातून "वॉरंट आहे" म्हणून आवाज दिला आणि तिला वाटलं, ह्यांनी कारखान्यात काय करून ठेवलं.

वॉरंटांवरची रक्कम कुठे अठरा रुपये, कुठे बावीस. बँकेत रांगेत उभं राहून स्लिप भरायची, त्यापेक्षा राहू दे, असं आप्पांनी म्हटलं असणार. मीही म्हटलं असतं. पण कायदा असा, की लाभांश सात वर्षं कुणी मागितला नाही तर तो 'गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधी'त, म्हणजे सगळे ज्याला आयईपीएफ म्हणतात तिथे जातो. आणि सलग सातही वर्षं एकही लाभांश घेतला नसेल, तर त्याच्या पाठोपाठ शेअरसुद्धा जातात. त्या सात वर्षांत एखादं अठरा रुपयांचं वॉरंट जरी वटवलं असतं, तरी शेअर जागेवर राहिले असते. हे कळल्यावर मी तो गठ्ठा बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

पेपरात अशा पैशांना 'बेवारस' म्हणतात. आम्ही तीन वारस धडधाकट जिवंत असताना हा शब्द जरा लागतोच.

सुरुवात बँकेपासून केली, ते सोपं वाटलं म्हणून. ज्या खात्यात दहा वर्षं काहीच व्यवहार नाही, त्यातली रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जमा करतात. २०१४ पासूनची ही व्यवस्था. पैसे तिकडे गेले तरी ठेवीदाराचा हक्क संपत नाही, मुदतही नाही. आणि मागायचे ते आपल्या बँकेकडेच, रिझर्व्ह बँकेकडे जायचं नाही. बँक आपल्याला देते आणि मागाहून निधीतून वसूल करते. शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल काढलं. सुरुवातीला त्यावर सातच बँका होत्या, आम्ही शोधायला बसलो तोवर तीस झाल्या होत्या.

मोबाइल नंबर टाकून नोंदणी करायची. मग खातेदाराचं नाव, बँक, आणि सोबत पॅन, मतदार ओळखपत्र, लायसन्स, पासपोर्ट, जन्मतारीख यांपैकी काहीतरी एक. आप्पांनी खातं काढलं तेव्हा बँकेत पॅन कोण विचारत होतं? राहिली जन्मतारीख. आप्पा जन्मले भाद्रपदात, पण शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकली. त्यांच्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे. तीच टाकली आणि नावाची स्पेलिंगं एकामागून एक मारत बसलो. डबल टी, शेवटी वाय: काही नाही. वायपुढे ए: काही नाही. 'त्रे'वालं, दोन्ही प्रकारांनी: काही नाही. रात्रीचे साडेअकरा झाले होते. ताई फोनवर होती. ती म्हणाली, "एकच टी लाव की. त्यांच्या लग्नपत्रिकेवर तसंच आहे."

लागलं. एक टी, शेवटी वाय, आडनाव आधी. शेजारी कराडचा जुना पत्ता आणि एक लांबलचक क्रमांक, ज्याला यूडीआरएन म्हणतात. रक्कम दिसत नाही, आणि ते बरंच आहे, नाहीतर कुणाच्याही खात्यात कुणीही डोकावेल. तो क्रमांक मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. पुढे ती वही दोनशे पानी झाली.

बँकेचं मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालं होतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने पासबुक उलटंसुलटं करून पाहिलं आणि "हा नंबर सिस्टिममध्ये नाही" म्हणून परत दिलं. मी वहीतला यूडीआरएन पुढे केला. तो त्याने टाइप केला आणि चेहरा बदलला. कुणाला असं काम करायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: जुना खाते नंबर दाखवून वाद घालत बसू नका, हा क्रमांक दाखवा. मृत्यूचा दाखला, आईचं केवायसी, मी आणि ताईने दिलेलं ना हरकत पत्र, हमीपत्र. रक्कम लहान असल्यामुळे कोर्टाच्या कागदाचा आग्रह त्यांनी धरला नाही. खात्यावर आणि मृत्यूच्या दाखल्यावर स्पेलिंग वेगळं होतं, त्यासाठी एक साधं प्रतिज्ञापत्र. दोन महिन्यांत आईच्या खात्यात एकोणीस हजार चारशे आणि काही रुपये आले, व्याजासकट. मधल्या वर्षांचं व्याज निधीच्या दराने मिळतं, आणि तो दर मे २०२१ पासून तीन टक्के आहे. जास्त नाही, पण शून्यही नाही.

त्या एकोणीस हजारांनी आम्ही शेफारलो. वाटलं, शेअरचंही असंच उरकेल.

एका ओळखीच्याने एका 'रिकव्हरीवाल्या'चा नंबर दिला. तो पंचवीस टक्के मागत होता. आईने स्पीकरवर ऐकलं आणि मला खूण करून फोन ठेवायला लावला. "एवढी अडत मार्केट यार्डातसुद्धा कुणी घेत नाही." खरं सांगायचं तर पुढे दोनदा असं वाटलं की दिले असते तर बरं झालं असतं. पण आईपुढे बोलायची सोय नव्हती.

शेअरच्या कामात सरकारकडे एकदम जाता येत नाही. आधी कंपनी, म्हणजे प्रत्यक्षात शेअरधारकांच्या नोंदी सांभाळायला कंपनीने नेमलेला रजिस्ट्रार, आरटीए. त्यांना सगळे कागद पटले की ते 'एंटायटलमेंट लेटर' देतात: या या व्यक्तीला इतके शेअर आणि इतका लाभांश मागायचा हक्क आहे, असं पत्र. ते हातात पडल्यावरच आयईपीएफकडे अर्ज. आम्हाला ज्या रजिस्ट्रारशी गाठ पडली त्याचं ऑफिस दुसऱ्या राज्यात. पत्र पाठवलं की दीड महिन्याने उत्तर, आणि उत्तरात एकच त्रुटी. ती पुरी केली की पुढच्या दीड महिन्याने दुसरी. सगळ्या त्रुटी एकदम कळवल्या तर काय बिघडतं, हे मला अजून कळलेलं नाही.

एक चांगली बातमी पहिल्याच पत्रात होती. आप्पांचे शेअर पन्नास राहिले नव्हते. दोनदा एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक फुकट शेअर, मिळून ते दोनशे झाले होते, आणि बोनसही मूळ शेअरांच्या मागोमाग आयईपीएफच्या डीमॅट खात्यात, म्हणजे कागदाशिवाय शेअर ठेवायच्या खात्यात गेला होता. त्यावरचा लाभांश वर्षागणिक निधीत जमा होत होता. तोही मागता येतो. फक्त त्यावर व्याज मिळत नाही.

मग फॉर्म आले. केवायसीचा आयएसआर-१, सहीचा आयएसआर-२, वारसाच्या नावावर करण्याचा आयएसआर-५. नामनिर्देशन नव्हतं, म्हणून वारसाचा पुरावा हवा. कागदी शेअरांची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर कोर्टाच्या उत्तराधिकार प्रमाणपत्राशिवाय भागतं, पण वारस दाखला, हमीपत्र आणि बाकीच्या वारसांची ना हरकत लागतेच. आमचे दोनशे शेअर त्या दिवशीच्या भावाने दोन लाखांच्या आत होते. वकील म्हणाले, आपल्याकडे वारस दाखला दिवाणी न्यायालयातून घ्यायचा, १८२७च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली. मला वाटलं सालाची चूक झाली. नाही, १८२७च. पेशवाई बुडाली त्याला दहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हाचा कायदा आप्पांच्या शेअरांसाठी उपयोगी पडला. कोर्टाने पेपरात जाहीर नोटीस द्यायला लावली: कुणाची हरकत असल्यास कळवावे. नोटिशीत नावाचं मराठी रूप होतं, त्यामुळे तेवढ्या एका ठिकाणी स्पेलिंगचा प्रश्न आला नाही.

दाखला मिळाला. त्याचं इंग्रजी भाषांतर जोडलं, त्यात भाषांतरकाराने आपल्या मनाने पाचवं स्पेलिंग घातलं. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, हेच बरोबर आहे, संस्कृतप्रमाणे."

रजिस्ट्रारचं पुढचं पत्र तीन ओळींचं होतं. सर्टिफिकेटवर एक नाव, मृत्यूच्या दाखल्यावर दुसरं, वारस दाखल्यावर तिसरं. ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र पाठवा. मी शंभराच्या स्टँप पेपरवर मजकूर तयार करून ठेवला होता. नोटरीकडे जायला आठवडा लावला, आणि तेवढ्यात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, राज्यात शंभराचा किमान मुद्रांक पाचशेवर गेला. नोटरीने कागद बोटाच्या टोकाने माझ्याकडे सरकवला. "नवा आणा." नव्या कागदावर पाचही स्पेलिंगं ओळीने लिहिली. खाली: 'वरील सर्व नावे एकाच इसमाची असून तो माझा पती होता.' आईने ते वाचून घेतलं. मग विचारलं, "इसम कशाला लिहायचं?"

नोटरी म्हणाले, कायद्याची भाषा आहे, काकू.

आता सहीची गोष्ट. आयएसआर-२ वर अर्जदाराची सही बँक अधिकाऱ्याने आपल्या रेकॉर्डशी ताडून शिक्क्यासह प्रमाणित करायची असते. आईचं खातं सांगलीच्या शाखेत १९९४ पासूनचं. मॅडम ओळखीच्या, बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं. आईने सही केली. मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. मग स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "काकू, नमुना सहीत आधी 'सौ.' आहे."

होतंच. १९९४ची निळ्या शाईची सही, सुरुवातीला ठसठशीत 'सौ.', टिंबासकट. आप्पा गेल्यापासून आईने ते लिहिणं सोडलं होतं. पाच वर्षं पैसे काढायच्या स्लिपेवर कुणी अडवलं नव्हतं, कारण सगळे तिला ओळखत होते. पण हा कागद बाहेर जाणार होता. मॅडमनी दोन्ही मार्ग सांगितले: नमुना सही बदलायचा अर्ज द्या, चारआठ दिवस लागतील, नाहीतर आज आहे तशी करा. त्यांना हे सांगताना अवघडल्यासारखं होत होतं, हे दिसत होतं. मी म्हणालो, आपण बदलूनच घेऊ, घाई नाही.

आई काही बोलली नाही. तिने कोरा फॉर्म मागितला. पेन एकदा टेबलावरच्या पॅडवर घासून चालतंय का बघितलं, आणि 'सौ.' लिहिलं. मग टिंब. मग नाव. "ह्यांचंच काम आहे," एवढंच म्हणाली.

त्यानंतर सगळ्या कागदांवर सही तशीच करावी लागली, एकमेकांशी जुळायला हवी ना. हमीपत्र, प्रतिज्ञापत्र, अर्ज, आगाऊ पावती. मी मोजल्या, चौदा सह्या. प्रत्येक गठ्ठ्यात वर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि खाली 'सौ.'. तिकडे दुसऱ्या राज्यात कुणाला मराठी वाचता येत नव्हतं म्हणून निभावलं, नाहीतर त्याचीही त्रुटी निघाली असती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एंटायटलमेंट लेटर आलं. इथून पुढचं काम, ऐकून होतो त्या मानाने, सरळ गेलं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरायचा. त्याला फी नाही. कुणी 'सरकारी फी' म्हणून पैसे मागितले तर तो तुम्हाला फसवतोय. शेअर परत मिळतात ते डीमॅटमध्येच, म्हणून आईचं डीमॅट खातं आधी काढून त्याची क्लायंट मास्टर लिस्ट, म्हणजे खात्याच्या तपशिलाचा कागद, घेऊन ठेवली होती. ते खातं काढताना तिला मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे बघून पापण्यांची उघडझाप करायला सांगत होते आणि ती दर वेळी डोळे मिटून देवासमोर बसल्यासारखी बसायची. सहाव्यांदा जमलं.

अर्जातले आकडे, शेअर किती, कुठल्या वर्षाचा लाभांश किती, हे एंटायटलमेंट लेटरवरून जसेच्या तसे उतरवले. आपली बेरीज लावायची नाही. अर्ज गेला की एसआरएन नावाचा पोचक्रमांक मिळतो, पुढे त्यावरच स्थिती बघायची. मग अर्जाची छापील प्रत, पोच, मूळ हमीपत्र, रेव्हेन्यू स्टँप लावलेली आगाऊ पावती आणि मूळ शेअर सर्टिफिकेटं एका पाकिटात घालून कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याच्या, म्हणजे या दाव्यांसाठी नेमलेल्या माणसाच्या नावाने पाठवायची. पाकिटावर 'आयईपीएफ प्राधिकरणाकडून परताव्यासाठी दावा' असं इंग्रजीत लिहावं लागतं. कंपनीने तीस दिवसांत पडताळणीचा अहवाल पाठवायचा, असा नियम आहे. त्यानंतर प्राधिकरण ठरवतं.

मूळ सर्टिफिकेटं पाकिटात घालताना हात अडला. अडतीस वर्षं ट्रंकेत सुरक्षित राहिलेली वस्तू मी स्पीड पोस्टाने पाठवत होतो. आधी दोन्हींची रंगीत झेरॉक्स काढली, पुढून मागून. काउंटरवरच्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं आणि विचारलं, "आत काय आहे?" मी म्हटलं, कागद.

मार्च, एप्रिल, मे. रोज सकाळी चहाआधी एसआरएन टाकून बघायची सवयच लागली. जूनमध्ये कंपनीचा अहवाल गेल्याचं दिसलं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी आईच्या फोनवर मेसेज आला. मेसेज ती वाचत नाही, सगळे गॅसचे असतात असा तिचा समज. संध्याकाळी मी पाहिला: दोनशे शेअर जमा. लाभांशाचे पैसे त्याआधी दोन दिवस बँकेत येऊन पडले होते, तेही आम्हाला कळलं नव्हतं.

आईला दाखवलं. तिने ॲपमधली ती ओळ बघितली, मग विचारलं, "ते कागद परत येणार का?"

नाही म्हटलं. ते जमा झाले. आता सगळं यातच.

तिने रंगीत झेरॉक्स मागून घेतल्या. डांबराची नवी गोळी टाकून ट्रंकेत, त्याच पिशवीत ठेवल्या. शेअर विकायचे की नाही यावर ताईचं आणि माझं अजून एकमत नाही, आणि आईला कुणी विचारलं की ती म्हणते, राहू देत, कुठे खायला मागतात.

त्याच पिशवीत तळाशी एक राष्ट्रीय बचत पत्रही निघालं होतं, कराडच्या पोस्टाचं. इतके दिवस ते बाजूला ठेवलं होतं. पोस्टात अशा पडून राहिलेल्या रकमा ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात, आणि तिथून पंचवीस वर्षांपर्यंत मागता येतात, असं कळलंय. पुढच्या मंगळवारी रजा टाकून कराडला जायचं ठरवलंय. वही, प्रतिज्ञापत्राची प्रत, वारस दाखला, सगळं पिशवीत भरून ठेवलंय. बचत पत्रावर नाव आहे 'डी. जी.', आणि पुढे आडनाव.